बोजारहित

"आणि हे बघ, आज दुपारी घर बघायला तू नको येऊस," मास्तर फोनवर म्हणाले.

रागानं नाही, कुरकुरून नाही. दूध आणू नकोस, मी आणलंय, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. तिनं "का हो?" विचारलं तेव्हा ते हसल्यासारखे झाले. "अगं, तू आलीस की घर बिचकतं. एकदा मला एकट्याला बघू दे. डोळे भरून बघतो आणि येतो. पुढचं करायला तू आहेसच." फोन बंद झाला तरी तिनं तो कानापासून दूर नेला नाही. समोर एका बेकरी कंपनीचा करार पसरलेला होता आणि तिचं बोट त्याच्या शेवटच्या पानावर होतं, कारण ती कुठलाही करार शेवटून वाचायची. तू आलीस की घर बिचकतं. नवराबायको इतकी वर्षं एका छपराखाली काढतात तेव्हा एकमेकांची बहुतेक वाक्यं पाठ झालेली असतात. कुठलं कधी येणार तेही कळतं. हे मात्र तिनं आधी ऐकलेलं नव्हतं. आणि तरी ते आज सुचलेलंही नव्हतं. ते चांगलं गुळगुळीत झालेलं होतं. मास्तर ते पुष्कळ दिवस खिशात घेऊन हिंडत असावेत आणि आज दुसरं काही काढताना चुकून बाहेर पडलं असावं. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. लाकडाशी बोलावं तसं माणसांशी बोलायचा, हळू आणि कडेकडेनं. त्या आवाजात इतकं सरळ काही येईल याची तिला सवय नव्हती.

दार ढकलून कार्यालयाची स्वागतिका आत आली. ही मुलगी सगळ्यांशी मोठ्या बहिणीसारखी वागायची, वयानं सगळ्यांत लहान असून. "मॅडम, परिचय. सगळ्यांचा आला, तुमचाच अडलाय. वेबसाइटवर तुमचा फोटो चढवलाय आणि खाली नुसती पांढरी जागा. बरं नाही दिसत. लोकांना वाटेल तुम्ही काहीच केलं नाही."

"आणि खरंच नसेल केलं तर?"

"तर तसं लिहा, पण दुपारपर्यंत द्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

फ्रँचायझी आणि स्थावर मालमत्ता या क्षेत्रांतील दीर्घ अनुभव, असं तिनं लिहिलं आणि पेन थांबलं. अनुभव. कायदा शिकून ती पहिल्यांदा या कार्यालयात आली तेव्हा ते ज्यांनी थाटलं ते मोठे साहेब होते. त्यांनी तिला ना कोर्टात नेलं, ना अशिलासमोर बसवलं. सरळ जुन्या दस्तांच्या खोलीत नेऊन एका घराचे कागद हातात दिले. "शेवटून वाच," ते म्हणाले. "सुरुवातीला सगळेच गोड बोलतात. भांडणं शेवटच्या पानावर असतात." आजचा मालक कोण, त्याला कुणी विकलं, त्याला कुणी, त्याच्याही आधी कुणी, असं मागं मागं जात राहायचं, साखळीतली एकेक कडी चाचपायची आणि कुठे कुणाची सही राहिली, कुठल्या बहिणीला विचारलंच नाही, कुठल्या पुतण्याचा हिस्सा गिळला, ते शोधून काढायचं. चूक सापडली की साहेबांना पेढा मिळाल्यासारखा आनंद व्हायचा. तिला वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. प्रत्येक दस्तात घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असायचं. चतुःसीमा म्हणतात ती. पूर्वेस लहान रस्ता. पश्चिमेस कुंभाराची भिंत. दक्षिणेस मोकळी जागा व त्यात एक झाड. उत्तरेस विधवा शिंपिणीचे घर. ती बिऱ्हाडं बदलत वाढलेली मुलगी. वडिलांची बदली झाली की भांडी गोणपाटात आणि मैत्रिणीचा निरोप घ्यायच्या आत पुढचं गाव. चारी बाजूंनी कुणीतरी घट्ट धरून ठेवलेलं घर तिनं प्रथम पाहिलं ते असं, कागदावर. संध्याकाळी खोलीवर परतताना ती त्या सीमा ओठांतल्या ओठांत म्हणायची. कुंभाराची भिंत, मोकळी जागा, त्यात एक झाड. कसलं झाड होतं कुणी लिहिलं नव्हतं, पण ते तिथं उभं होतं आणि कुणीतरी शिक्का मारून ते मान्य केलं होतं. शिंपिणीच्या घरातून मशीनचा आवाज येत असेल आणि तो कुंभाराच्या भिंतीला आपटून परत फिरत असेल, असंही तिच्या मनात यायचं. अशा गोष्टी परिचयात लिहीत नाहीत.

मग दुकानांचे दिवस आले. एका गावात एखादं चांगलं चाललं की त्याच नावाचं, त्याच रंगाचं दुसऱ्या गावात काढायचं. नाव कंपनीचं, जागा आणि घाम दुसऱ्याचा. त्या सोयीला फ्रँचायझी म्हणायचं आणि तिचे करार करायला कुणीतरी लागायचं. साहेबांना तो सगळा पोरखेळ वाटे, म्हणून ते काम तिच्याकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. ती त्यात तरबेज झाली. पाटी किती उंच, भिंतीचा रंग कुठला, नोकरानं गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, हे सगळं ती लिहायची. आणि शेवटच्या पानावर, सगळं संपल्यावर काय: पाटी उतरवायची, रंग खरवडायचा, तिथं कधी काळी हे दुकान होतं याची खूणसुद्धा ठेवायची नाही. ते पान ती सगळ्यांत आधी लिहायची. तिचा रोजचा एक नेम होता. सकाळी पहिला कागद उघडण्याआधी डोळे मिटून क्षणभर बसायचं आणि आज आपल्या हातून कुणाचं घर मोडू नये, एवढंच मागायचं. कुणाला मागतो आहोत हे ती स्वतःलाही फोड करून सांगत नसे. तो नेम एकदाही चुकला नव्हता आणि ते मागणंही, तिच्या माहितीप्रमाणे, वाया गेलं नव्हतं. तिनं तपासलेल्या घरांत माणसं निवांत झोपत होती. मोडलं नाही कुणाचंच. फक्त स्वतःचं झालं नाही.

झालं नाही म्हणजे होऊ दिलं नाही. तू आलीस की घर बिचकतं. पहिलं घर तिला अजून आठवत होतं, दोन्ही अंगांना खिडक्या असलेलं; मास्तर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे नुसते चालत राहिले होते, वारा अंगावर घेत. त्याच्या कागदात मागच्या वाटेचा वाद निघाला. दुसऱ्याची गच्ची नकाशात नव्हती. एका घराच्या जुन्या दस्तावर काकाची सही डावीकडे झुकलेली आणि त्याच काकाची दुसऱ्या कागदावर सरळ. "अगं, त्या दिवशी काका आडवा पडून सही करत असेल," मास्तर म्हणाले होते, आणि ती हसली नव्हती. दुसऱ्या कुणासाठी ती म्हणाली असती, एवढं चालतं, एक हमीपत्र घेऊन टाका. स्वतःसाठी तिला चाललं नाही. तिला असं घर हवं होतं, की ज्याच्या साखळीत एकही कडी हलत नाही. निर्वेध, बोजारहित, म्हणजे कर्जाचा वा कुणाच्या दाव्याचा भार नसलेलं, जिथं गेल्यावर पुन्हा कुणी उठ म्हणणार नाही. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची मनाई असते. मास्तरांनी लग्नानंतर लगेच चांगल्या सागाच्या फळ्या घेतल्या होत्या, भिंतभर कपाट करायला. त्या फळ्या प्रत्येक बिऱ्हाडात पलंगाखाली झोपून राहिल्या. पावसाळ्यानंतर ते त्या बाहेर काढायचे, पुसायचे, उलट्या करून परत ठेवायचे. एका वर्षी त्यांनी पुसल्या, पण उलट्या केल्या नाहीत. तिनं ते पाहिलं होतं. पाहून ती स्वयंपाकघरात गेली होती.

आणि त्या जाहीर नोटिसा. प्रत्येक खरेदीआधी ती वर्तमानपत्रात द्यायची: सदर मिळकतीवर कुणाचाही हक्क, हितसंबंध वा दावा असल्यास मुदतीत कळवावे, अन्यथा तसा तो नाही असे समजण्यात येईल. बहुतेक वेळा कुणी येत नसे. मुदत संपली की अशील मिठाईचा पुडा घेऊन यायचा. तिला मात्र मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी उगीच दाराकडे बघावंसं वाटायचं. मास्तरांना आणि तिला मूल झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी मोठ्यानं केलं नाही, दोघंही तसे अबोल; पण त्या संध्याकाळी, रिकाम्या कार्यालयात, तिच्या मनात यायचं की अशी एक नोटीस आपल्या नावानं दिली तर काय होईल. या बाईवर कुणाचा हक्क, हितसंबंध वा दावा असल्यास. मास्तर येतील, अर्थात. चष्मा विसरून, वाचायला दुसऱ्याला सांगून. आणखी कोण?

"मॅडम, बेकरीवाले आले," स्वागतिकेनं दारातून सांगितलं. आणि तिची नजर कागदावर गेली. "एकच ओळ? मॅडम, तुम्ही ना!"

बेकरी कंपनीचे शेठ आणि त्यांचं दुकान नव्यानं घेणारं जोडपं, तिघं समोर बसले. शेठ खुशीत होते. "लिहा असं मॅडम, की गिऱ्हाइकानं दुकानात पाऊल टाकलं की आपण कुठल्या गावात आहोत तेच विसरलं पाहिजे." ती वाचत गेली. भिंतीवर कंपनीच्या चित्रांखेरीज काहीही लावायचं नाही. काउंटरच्या बाहेर कंपनीनं दिलेल्या बाकांखेरीज काहीही ठेवायचं नाही. जोडप्यातली बाई म्हणाली, "मग आमचे सासरे कुठे बसणार?"

"कोण सासरे?" शेठ म्हणाले.

"त्या जागेत आधी त्यांचंच किराण्याचं दुकान होतं ना. रोज सकाळी येऊन दाराशी बसतात. खुर्ची टाकून. काही बोलत नाहीत, काही मागत नाहीत, नुसते बसतात."

नवरा तिला कोपरानं खुणावत होता. शेठनी दुकानाचा नकाशा आपल्याकडे ओढला, पेन्सिलीनं दाराशी एक गोल काढला आणि खोडला. "बसू द्या की," ते मोठ्या मनानं म्हणाले. "वडीलमाणूस आहे. पण खुर्ची आमच्या रंगाची पाहिजे."

सगळे हसले. बाईसुद्धा हसली, पण तिचे डोळे नकाशावर होते, जिथं दाराशी नुसतं खोडरबरानं झालेलं काळपट उरलं होतं. वकीलबाईनं ते कलम दुरुस्त केलं, नीट शब्द घालून, असा की कंपनीनं उद्या मन बदललं तरी त्या म्हाताऱ्याला कुणी उठवू शकणार नाही. तिला ते जमायचं. लोकांच्या सासऱ्यांना तिनं आजवर पुष्कळ ठिकाणी बसवलं होतं. सह्या झाल्या. माणसं गेली. ती उठली, पर्स घ्यायला हात पुढे केला, आणि पर्सऐवजी तिनं डोळ्यांवरचा वाचायचा चष्मा काढला, घडी घातली आणि टेबलावर करारावर ठेवून दिला. पर्सही तिथंच राहू दिली. "मॅडम, परिचय?" असा आवाज मागून आला. "आल्यावर," ती म्हणाली. कुठून आल्यावर ते तिनं सांगितलं नाही.

पत्ता मास्तरांनी सकाळी दुधाच्या पिशवीच्या कोऱ्या बाजूवर लिहून खिशात घातला होता; त्यांच्या खांद्यावरून तिनं तो वाचला होता. रस्त्यात ऊन होतं. चष्म्यावाचून जवळचं सगळं पुसट आणि लांबचं स्वच्छ. आपल्या हाताच्या रेषा दिसत नव्हत्या, पण पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई स्पष्ट दिसत होती, तिच्या तोंडातला चिमटासुद्धा. एका कोपऱ्यावर तिनंच करार केलेलं औषधांचं दुकान लागलं, पुढच्यावर तिनंच केलेलं चपलांचं. पाट्या ठरल्या उंचीवर होत्या. आपण नको असताना चाललो आहोत, हे तिला पावलापावलाला आठवत होतं, आणि लग्नाच्या आधी एकदा ती अशीच न बोलावता मास्तरांच्या शाळेत गेली होती तेही. वर्ग सुटला होता, जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला, आणि तो माणूस एकटाच एका फळीवर गाल टेकवून ती सरळ आहे का ते बघत होता. ती दारात उभी राहिली होती. त्याला कळलं नव्हतं. तसं त्याला पुन्हा बघायचं राहून गेलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा तो एखाद्या भिंतीशी उभा राहिला, तेव्हा ती कागदात होती. वाटेत तिनं स्वतःलाच बजावलं: काही विचारायचं नाही. कागद मागायचे नाहीत. तोंडातून 'पण' हा शब्द काढायचा नाही.

घर अरुंद होतं, दुमजली, दोन मोठ्या इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभं राहिल्यासारखं. दार उघडंच होतं. मास्तर जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे होते आणि वरच्या पायरीवर एक उंच, पांढऱ्या केसांची बाई त्यांना काहीतरी सांगत होती. बायकोला दारात बघून मास्तरांचा हात कठड्यावरून निघाला. वर्गात मुलगा पकडला जावा तसा.

"आलीस?"

"चष्मा आणला नाही," ती म्हणाली. "काही वाचता येणार नाही मला. बघा हवं तर."

मास्तरांनी खरंच तिच्या चेहऱ्याकडे, मग रिकाम्या हातांकडे पाहिलं. वरून हसण्याचा आवाज आला, केसांच्या मानानं फारच तरुण. "या वकीलबाई ना? मास्तर सांगत होते."

"काय सांगत होते?"

"चांगलंच. जरा घाबरत, पण चांगलंच."

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, जन्मभर. तारा जोडून देणं, थांबा म्हणणं, बोला म्हणणं. लग्न केलं नाही. आता गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून एका जुन्या सहकारी मैत्रिणीकडे, तळमजल्यावर राहायला जाणार होत्या. त्यांनी घर दाखवलं ते असं, की एखाद्या हट्टी पण लाडक्या माणसाची ओळख करून द्यावी. ही खिडकी वरून ढकलली तर उघडते, खालून ढकलली तर रुसते. या नळाला आधी खोकू द्यायचं. मास्तर दाराच्या चौकटीवर बोटं फिरवत होते, पायरीवर टाच दाबत होते. "साग आहे," ते हळूच म्हणाले, कुणालाच नाही. ती मागून चालली होती आणि प्रथमच घर बघत होती. म्हणजे भिंतीवरून ऊन कसं खाली उतरतं ते, मोरीतली गार हवा, पायाला लागलेला जिन्याचा मधला खोलगटपणा, जिथं कुणाची तरी पावलं वर्षानुवर्षं पडली होती. तिच्या आत काहीतरी हलकं हलकं होत चाललं. पूर्वेस लहान रस्ता, ती मनात म्हणाली. पश्चिमेस माहीत नाही. तेही चालेल.

वरच्या मजल्यावर मागच्या खोलीचं दार बंद होतं. ऑपरेटरबाईंनी ते उघडलं नाही. पाठ लावून उभ्या राहिल्या. "ही धाकटीची. माझ्या बहिणीची. आणि वकीलबाई, मागाहून तुम्हाला कागदात सापडण्यापेक्षा मीच सांगते. अर्धं घर तिचं आहे."

"कुठे असतात त्या?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "एका माणसाबरोबर गेली," बाई म्हणाल्या. "बाबांनी तोंडावर सांगितलं, परत पाय ठेवू नकोस. आणि तिनं ऐकलं. नाहीतर बाबांचं कधी काही ऐकायची नाही ती! पुढे डोळे मिटायच्या आधी मात्र बाबांनी घर दोघींच्या नावावर केलं. तिला ते कळलंसुद्धा नाही. मी शोधलं, जाहिराती दिल्या. एक्स्चेंजमध्ये कुणी बाई बोलली की माझे कान उभे राहायचे. घेणारे आले, नाही असं नाही. त्यांचे वकीलही आले. चांगली माणसं, चहा पिऊन गेली. सगळ्यांचं एकच. इतकी वर्षं खबर नाही, तर अर्ज करा, कोर्टाकडून ती मेली असं ठरवून घ्या आणि मोकळ्या व्हा. मी कसं लिहू? ताई आहे मी तिची."

तेच उत्तर वकीलबाईच्याही जिभेवर तयार होतं, नुसतं उत्तर नव्हे, अर्जाचं पहिलं वाक्यसुद्धा. असे अर्ज तिनं केले होते. कायद्यात ते बसत होतं, त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. तिनं ओठ मिटून घेतले. साऱ्या आयुष्यात इतकी मोठी चूक असलेलं घर तिनं पाहिलं नव्हतं. काकाची झुकलेली सही नाही की नकाशाबाहेरची गच्ची नाही, इथं अख्खं माणूसच गळलेलं होतं. आणि हे तिनं शोधलं नव्हतं. ती नुसती रिकाम्या हातांनी येऊन उभी राहिली होती. मास्तर बोलले, बायकोला बोलायची पाळी येऊ नये म्हणून आधी बोलले. "घर फार छान आहे हो. खरंच. बरं वाटलं बघून." मग त्यांनी चौकटीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला, आणि त्यांचा चेहरा, तो लांबून स्वच्छ दिसत होता, कुणाला तरी स्टेशनवर सोडून गाडी हलताना होतो तसा झाला. म्हणजे प्रत्येक वेळी हे असं होत होतं. दोन खिडक्यांच्या घरात, गच्चीच्या घरात, काकाच्या घरात. ती टेबलाशी बसून शेवटचं पान वाचत असायची तेव्हा हा माणूस मागं कुठेतरी भिंतीचा निरोप घेत असायचा, न बोलता, आणि मग तिच्यासाठी रिक्षा बोलवायला खाली जायचा.

"ताई," ती म्हणाली. त्या बाईला ती पहिल्यांदाच काही हाक मारत होती. "तुमचं अर्धं विकाल?"

"म्हणजे?"

"धाकटीचं अर्धं तिचंच राहू दे, तिच्या नावावर. ही खोलीही. तुमचं तेवढं आम्ही घेतो."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "अगं, असं करता येतं?"

"येतं. करू नये कुणी. माझ्या अशिलानं करायचं म्हटलं असतं तर हाताला धरून बाहेर काढलं असतं त्याला."

"आणि आपण?"

"आपल्याला चांगला वकील भेटला नाही, असं समजा."

मास्तर हसले नाहीत. लाकडात गाठ लागल्यावर ते थांबायचे, तसे थांबले. "ती आली तर? वाटणी मागितली तर?"

"मागू शकते. तिचा हक्क आहे. विकायलाही लावू शकते. आपल्याला उठवूही शकते, मास्तर." एरवी ती नुसतं 'अहो' म्हणायची; आज तोंडावर, परक्यांसमोर, तिनं त्यांना मास्तर म्हटलं होतं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. "ती नाही आली तर तिची मुलं येतील. कधीतरी. कुणाला तरी कळेल, येतील." असली वाक्यं ती रोज बोलायची. अशिलांना सावध करायला, धोका दाखवायला, आवाज न चढवता. आज ते वाक्य शेवटपर्यंत गेलंच नाही. मुलं येतील. एखाद्या दुपारी दार वाजेल, पायरीवर कुणी अनोळखी, ताईंसारखं नाक असलेलं कुणी, आणि ते म्हणेल, इथं आमचं काहीतरी आहे. ती खोली उघडून द्यावी लागेल. चादर बदलून ठेवावी लागेल, मधून मधून. हे मोठ्या साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा पुसायला काढला असता आणि बराच वेळ पुसला असता.

मास्तरांनी चौकटीवरचा हात काढला नव्हता. आता त्यांनी ती मोजली, वीत टाकून, खालपासून वर. आणि तिला कळलं की हे हो आहे.

ऑपरेटरबाई मात्र हो म्हणाल्या नाहीत. सुचवलेलं स्थळ पारखून बघावं तशा त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "तुम्ही तिला ओळखणार कशा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही चांगली माणसं, दाराला भलं मोठं कुलूप लावाल. आणि ती दार वाजवायची नाही हो. कधीच वाजवलं नाही. चला, दाखवते."

गुडघ्यांवर हात ठेवत त्या जिना उतरल्या, मागून हे दोघं. पुढच्या दाराशी त्यांनी वकीलबाईला बाहेर काढलं आणि दार तिच्या तोंडावर लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. ती पायरीवर एकटी उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं तिच्याकडे पाहिलं, घराबाहेर काढलेल्या बाईकडे बघावं तसं. "चौकटीच्या डाव्या अंगाला," आतून तो तरुण आवाज म्हणाला, "फळी जरा सुटलेली आहे. तिथून हात घालायचा. मास्तर, ही फळी नीट करायची नाही, आत्ताच सांगून ठेवते." तिला फट दिसत नव्हती, तिनं ती चाचपून काढली. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. "आणखी. ती सडपातळ होती, तुम्हाला जरा जड जाईल. आता वळवा. वर नाही, आपल्याकडे." लाकडाची कड तिच्या हाताला घासली. बोटं हवेत चाचपडली, काहीच लागेना, आणि मग आतून एका कोरड्या, उबदार हातानं तिची बोटं धरली, थोडी खाली नेली आणि लोखंडावर टेकवून सोडून दिली. "इथं," आवाज म्हणाला. कडी गार होती, वापरून बारीक झालेली, एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडलेली. तिचा अंगठा त्यात बसला नाही; जरा मोठा होता. तरी तिनं ती उचलली.

दार उघडलं. आत दोघंही समोर उभी होती, अगदी दाराला लागून, हात पुढे करून, खूप दिवसांनी कुणीतरी घरी येत असावं तशी.